हार्मनचे वर्गमूळ

पीक फॅक्टर = १ + १४ ÷ (४ + √ल)

एवढी एकच ओळ. यातला ‘ल’ म्हणजे हजारांत मोजलेली लोकसंख्या. गावाच्या सांडपाण्याचा दिवसभराचा जो सरासरी प्रवाह असतो, त्याच्या किती पट पाणी ऐन गर्दीच्या वेळी गटारातून वाहील, ते पीक फॅक्टर सांगतो. डब्ल्यू. जी. हार्मन या अभियंत्याने १९१८ साली ‘इंजिनिअरिंग न्यूज-रेकॉर्ड’ या अमेरिकी नियतकालिकात ओहायो राज्यातल्या टोलेडो शहराच्या सांडपाण्यावर एक लेख लिहिला. हे सूत्र त्या लेखातले. लेखाच्या मथळ्यातच दोन गोष्टी स्पष्ट केल्या आहेत: हा अंदाज आहे, आणि तो कोरड्या हवामानापुरता आहे. पावसाचे पाणी बाजूला ठेवून केवळ माणसांनी वापरून सोडलेल्या पाण्याविषयी काय म्हणता येईल तेवढेच हार्मन सांगतो. पुढे ते सूत्र टोलेडोबाहेर पडले आणि जगभरच्या अभियंत्यांच्या वहीत जाऊन बसले. इतकी वर्षे ते टिकले याचे कारण त्याच्या घडणीत आहे, आणि ती घडण एकेक आकडा घेऊन वाचण्यासारखी आहे.

सुरुवात एकपासून. हा एक म्हणजे सरासरी. बेरजेतला दुसरा भाग कितीही लहान झाला तरी शून्याखाली जात नाही, म्हणून उत्तर एकाच्या खाली कधीच उतरत नाही. गर्दीच्या वेळचा प्रवाह सरासरीपेक्षा कमी असूच शकत नाही, हे कुणीही सांगेल. पण सूत्राच्या रचनेतच ते पक्के बसवणे हे कारागिराचे काम आहे. किती अवघड ते पाहायचे असेल तर शेजारी हॅरल्ड बॅबिटचे सूत्र ठेवावे. बॅबिट हे इलिनॉय विद्यापीठातले प्राध्यापक, सांडपाण्यावरच्या त्यांच्या पुस्तकाने अभियंत्यांच्या अनेक पिढ्या घडवल्या. त्यांचे सूत्र हार्मनपेक्षाही आटोपशीर आहे: हजारांतल्या लोकसंख्येचे पाचवे मूळ काढा आणि त्याने पाचला भागा. एक लाख वस्तीसाठी हार्मन बरोबर २ देतो आणि बॅबिट १.९९. दोन वेगळ्या वाटांनी आलेले दोघे एक लाखाच्या गावात जवळजवळ खांद्याला खांदा लावून उभे राहतात. पण वस्ती वाढवत न्या. ३१ लाख २५ हजारांवर बॅबिटचे उत्तर १ होते आणि एक कोटीवर ०.७९. म्हणजे गर्दीच्या वेळी सरासरीहून कमी पाणी! एवढ्या मोठ्या वस्तीसाठी ते सूत्र केलेलेच नाही, हे खरे. हार्मनला मात्र अशा कुंपणाची गरज पडत नाही. एक कोटीला तो १.१३ म्हणतो, आणि त्याहून पुढे कितीही गेलात तरी एकाच्या वरच राहतो.

मग चौदा आणि चार. वस्ती नगण्य असेल तर वर्गमूळ शून्याकडे जाते, चौदाला चाराने भागून साडेतीन येतात, आणि एक मिळवला की साडेचार. ही वरची मर्यादा. खालच्या चाराची कामगिरी मला फार आवडते. तो काढून टाकला तर शंभर माणसांच्या वाडीला पीक फॅक्टर पंचेचाळीसच्या घरात जाईल. चार तिथे असल्यामुळे तो ४.२४ वर थांबतो. लहान वस्तीत चढउतार फार असतात हे सूत्राला मान्य आहे, पण त्याने घाबरून जायचे नाही, हेही त्यातच आले. एक हजार वस्तीला ३.८, नऊ हजारांना ३, छत्तीस हजारांना २.४, एका लाखाला २, चार लाखांना १.५८. आकडे आधी झपाट्याने उतरतात आणि नंतर रेंगाळतात. ती उतरण ज्याच्यामुळे येते ते वर्गमूळ हाच या ओळीचा प्राण आहे.

वर्गमूळच का? गल्लीच्या टोकाला असलेल्या चेंबरचे झाकण सकाळी उघडून, वायू निघून गेल्यावर वरूनच पाहिले, तर तळाच्या खोबणीत करंगळीएवढी धार दिसते. मग कुठल्यातरी घरात कुणीतरी बादलीभर पाणी मोरीत ओतते आणि साबणाचा फेस घेऊन एक लोंढा येतो, चार-सहा सेकंद खळखळतो आणि ओसरतो. पुन्हा धार. मग लागोपाठ दोन लोंढे, मग कितीतरी वेळ काहीच नाही. तिथे प्रवाहाला स्वभाव म्हणून नाही; आता कोण न्हाणीघरात गेले आहे त्यावर सगळे अवलंबून. तेच गावाच्या खालच्या अंगाला, मुख्य वाहिनीच्या मॅनहोलमध्ये पाहा. राखाडी रंगाचे पाणी एका पातळीत, घाई न करता चाललेले असते. साडेसहाला जिथे होते त्याच्या चार बोटे वर सव्वासातला, पण मधल्या वेळात ते कधी उसळलेले दिसत नाही. तिथे कुणा एकाची बादली ओळखू येत नाही. हजारो बादल्या एकमेकींच्या मधल्या फटी भरून काढतात.

या भरून काढण्याला हिशेब आहे. प्रत्येक जण आपल्या मर्जीने पाणी वापरत असेल, तर माणसे चौपट झाल्यावर सरासरी प्रवाह चौपट होतो, पण त्यातला चढउतार दुप्पटच होतो. सरासरीच्या मानाने तो निम्म्यावर येतो. माणसे शंभरपट, तर चढउतार सरासरीच्या मानाने दहावा भाग. संख्याशास्त्राचा हा जुना नियम आहे, आणि हार्मनच्या छेदातले वर्गमूळ त्याच चालीने चालते. हार्मनचे सूत्र मोजमापातून निघालेले आहे, सिद्धांतातून नव्हे. तरीही मोजमापाने जो आकार दाखवला तो त्या नियमाच्या इतका जवळ आहे की पहिल्यांदा हे लक्षात येते तेव्हा पेन खाली ठेवून जरा वेळ नुसते बसावेसे वाटते. एकटा माणूस कधी काय करील याचा नेम नसतो, वीस हजार माणसांचा असतो. आणि ही गोष्ट इथे गटाराच्या पाण्यात मोजून मिळाली आहे.

यातले सगळ्यात कच्चे अक्षर म्हणजे ‘ल’. बाकी आकडे ठरलेले, पण तीस वर्षांनी गावात किती माणसे असतील ते कोण सांगणार? टोलेडोचेच पाहा. १९२० च्या जनगणनेत तिथे २,४३,१६४ लोक होते. पुढे शहर वाढत गेले, १९७० च्या सुमारास पावणेचार लाखांवर पोहोचले, आणि मग उतरणीला लागले. २०२० साली २,७०,८७१. शंभर वर्षांत एवढी चढण आणि एवढी उतरण! त्या तीन टप्प्यांना सूत्राने काढलेला पीक फॅक्टर मात्र १.७१, १.५९ आणि १.६८. एकूण पाण्याचा आकडा अर्थातच लोकसंख्येबरोबर हलला असता, त्यातून सुटका नाही. पण निदान गुणक तरी ‘ल’च्या चुकीने फारसा बिघडत नाही. अंदाज बांधणाऱ्याला सूत्राने दिलेला हा आधार आहे.

आता खोट. वर्गमूळाचा नियम एका अटीवर उभा आहे: प्रत्येकाची वेळ दुसऱ्याच्या वेळेशी बांधलेली नसावी. माणसांचे तसे नसते. सूर्य सगळ्यांसाठी एकाच वेळी उगवतो; शाळा, कचेरी, लोकल सगळ्यांना एकाच सुमारास गाठायची असते. जो चढ सगळ्यांचा मिळून आहे तो माणसे वाढल्याने बुजत नाही. कॅनडातल्या एडमंटन शहरात २८ फेब्रुवारी २०१० रोजी ऑलिंपिक हॉकीचा अंतिम सामना चालू असताना पाण्याच्या मागणीची जी रेषा निघाली ती प्रसिद्ध आहे. खेळ चालू असताना मागणी खाली, मध्यंतर झाले की टोकदार सुळका, पुन्हा खाली, पुन्हा सुळका. लाखो माणसांचे शहर, पण त्या दुपारपुरते एकाच घरासारखे वागले. आपल्याकडे नरकचतुर्दशीची पहाट डोळ्यांपुढे आणावी. उटणे लावून उजाडण्याआधी अख्खे गाव न्हाते. त्या तासाभरापुरते वर्गमूळाने गप्प बसावे हेच योग्य. मोठ्या वस्तीला सूत्र जसजसे एकाकडे सरकते तसतसे ते जरा जास्तच आश्वासन देते, असे माझे मत आहे.

त्याला सावरून घेणारी एक गोष्ट जमिनीखाली घडते, तिचे श्रेय वर्गमूळाला नाही. पाणी पोहोचायला वेळ लागतो. सेकंदाला पाऊण मीटर वेगाने पाच किलोमीटर यायला जवळजवळ दोन तास जातात. टोकाच्या वस्तीने सातला सोडलेले पाणी पंपिंग स्टेशनला नवाच्या सुमारास येते, तोवर जवळच्या वस्तीचा भर ओसरलेला असतो. शहर पसरलेले असेल तर सगळे एकदम उठले तरी त्यांचे पाणी एकदम पोहोचत नाही. हार्मनने टोलेडोत जे मोजले त्यात हा वाटेतला वेळही न सांगता मिसळलेला असणार. सूत्राला तो वेगळा दाखवता येत नाही, त्यामुळे लांबट शहर आणि एका टेकडीभोवती गोळा झालेले शहर त्याच्या लेखी सारखेच.

आपल्याकडे योजना आखणारे अभियंते केंद्राच्या सीपीएचईईओ या संघटनेचे मॅन्युअल वापरतात, आणि त्यात सूत्राऐवजी चार ओळींचा तक्ता आहे. वीस हजारांपर्यंत वस्तीला ३, वीस ते पन्नास हजारांना २.५, पन्नास हजार ते साडेसात लाखांना २.२५, त्यापुढे २. हा तक्ता हार्मनच्या वक्ररेषेशेजारी ठेवून वाचला तर दोन्ही जास्त कळतात. पन्नास हजारांवर हार्मन २.२६ देतो, तक्ता २.२५, इथे दोघे एकमताचे. साडेसात लाखांवर हार्मन १.४५ पर्यंत उतरलेला असतो आणि तक्ता २ वर पाय रोवून उभा. आपल्या तक्त्याला पायरी आहे, आणि पायरीखाली उतरायला तो तयार नाही.

पायऱ्यांचा एक दोष आधी सांगितला पाहिजे. दरडोई रोज १३५ लिटर पाणी आणि त्यातले ८० टक्के गटारात येते असे धरले तर माणशी १०८ लिटर होतात. दिवसाचे सेकंद ८६,४००. त्यांना १०८ ने भागले की बरोबर ८००. म्हणजे आठशे माणसांमागे सेकंदाला एक लिटर. हा हिशेब इतका स्वच्छ सुटतो की तो पाठ करायलाच हवा. वीस हजार माणसांना सरासरी २५ लिटर, आणि तिनाने गुणून ७५. आता लाइन पुढे नेताना वाटेत आणखी एक चाळ जोडली, वस्ती वीस हजारांच्या वर गेली, गुणक २.५ झाला, आणि प्रवाह ७५ वरून साडेबासष्टावर आला. माणसे वाढली आणि पाणी घटले! पुन्हा ७५ गाठायला चोवीस हजार माणसे लागतात. अनुभवी माणूस अशा ठिकाणी मागच्या मॅनहोलचा मोठा आकडाच पुढे चालवतो. वक्ररेषेत असा खड्डा पडत नाही; हार्मनचे गुणोत्तर उतरत असताना गुणाकार मात्र सतत चढत राहतो, आणि ही त्याची शालीनता तक्त्याकडे नाही.

पण तो २ चा पाया मला पटतो. पीक फॅक्टर पाणीपुरवठ्याच्या वेळांवरही अवलंबून असतो, असे मॅन्युअलनेच म्हटले आहे. जिथे नळाला सकाळी दोन तास पाणी येते तिथे भांडी, धुणे, आंघोळी सगळे त्या दोन तासांत उरकायचे असते. माणसे आपापल्या मर्जीने वागतात हे वर्गमूळामागचे गृहीतक तिथे नळच मोडून टाकतो. गच्चीवर टाकी असलेल्या इमारतीत ते थोडेफार परत येते; सार्वजनिक नळाच्या वस्तीत येत नाही. २ चा आकडा आणखी एका जुन्या ठिकाणी दिसतो. लंडनची मोठी गटारे बांधताना जोसेफ बॅझलजेटने १८६५ च्या आपल्या निबंधात असे धरले होते की दिवसाचे निम्मे सांडपाणी सहा तासांत येते. निम्मे पाणी पाव दिवसात, म्हणजे सरासरीच्या दुप्पट. लाखोंच्या शहराला बॅझलजेटने जो गुणक दिला तोच आपल्या तक्त्याच्या शेवटच्या ओळीत आहे. अर्थात त्याने पावसासाठी वेगळी जागा ठेवली होती. हार्मनच्या मथळ्यातले कोरडे हवामान आपल्या पावसाळ्यात उरत नाही. जमिनीतून झिरपून आत येणाऱ्या पाण्यासाठी मॅन्युअल हेक्टरी रोज पाच हजारांपासून पन्नास हजार लिटरपर्यंतचा पल्ला देते. पल्ला दहापट. जिथे ज्ञान धूसर आहे तिथे आकडाही धूसर ठेवला, हे प्रामाणिक आहे.

पीक फॅक्टर म्हणजे धोक्याचा आकडा, तो जितका मोठा धरू तितके सुरक्षित, अशी समजूत कार्यालयांत सर्रास ऐकू येते. सूत्राचा खरा अर्थ इथे हरवतो. पीक हाच गटाराचा झाडू आहे. रात्री प्रवाह सरासरीच्या तिसऱ्या हिश्शावर येतो, वेग मंदावतो, वाळू आणि मैला तळाला बसतो. सकाळच्या भरात वेग वाढतो आणि बसलेले उचलून पुढे नेतो. म्हणून मॅन्युअलने दोन अटी घातल्या आहेत: आजच्या पीकला सेकंदाला निदान ०.६ मीटर वेग हवा, तीस वर्षांनंतरच्या पीकला ०.८. पाइप ऐंशी टक्क्यांहून जास्त भरू द्यायचा नाही, ही तिसरी.

एक गाव घेऊ. आज वस्ती दहा हजार, तीस वर्षांनी वीस हजार. हार्मनने आजचे पीक सेकंदाला ३७ लिटर येते, पुढचे ६६. माणसे दुप्पट, पीक मात्र एकशे ऐंशी टक्के. दोन पीकांमधले अंतर वर्गमूळाने कमी केले म्हणूनच एका पाइपला दोन्ही अटी पाळणे जमते. आता कुणी म्हटले की असू द्या, मोठा पाइप टाका, सहाशे मिलिमीटरचा, आणि खोदाई वाचवायला उतार हजाराला एक ठेवा. काँक्रीटच्या त्या पाइपात आजच्या पीकला वेग पडतो ०.५३ मीटर. पहिली अट पहिल्याच दिवशी मोडली. सकाळचा भरही गाळ उचलत नाही. तो साचतो, कुजतो, त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो, काँक्रीट खातो. मग एक दिवस लाइन तुंबते आणि कुणाला तरी आत उतरवले जाते. हाताने मैला काढायला माणूस लावण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी माणसे उतरतात आणि मरतात. त्यांतले काही मृत्यू नकाशावर, पाइपच्या रकान्यात, मोठा आकडा लिहिला गेला तेव्हाच ठरलेले असतात. हे लिहिताना मला राग येतो, आणि तो यावा असेच मला वाटते.

त्याच गावात चारशे मिलिमीटरचा पाइप, उतार पाचशेला एक. आजच्या रात्री सेकंदाला चार लिटर, पाण्याची खोली सहा सेंटिमीटरही नाही, वेग ०.३७, गाळ बसणार. आजच्या सकाळी ३७ लिटर, वेग ०.७०, उचलला जाणार. तीस वर्षांनी ६६ लिटर, पाइप बासष्ट टक्के भरलेला, वेग ०.८०, अटीला नेमका पुरेसा. आणि हार्मन सोडून तक्त्याप्रमाणे तिनाने गुणले तर ७५ लिटर, पाइप अडुसष्ट टक्के भरलेला, वेग ०.८२. एक लाखाच्या गावात हार्मन आणि बॅबिट भेटले होते. वीस हजारांच्या या गावात हार्मन आणि आपला तक्ता वेगवेगळे आकडे सांगून एकाच पाइपवर येतात.